घाट उतरताना गाडी न्यूट्रल करावी की गिअरमध्ये ठेवावी? पेट्रोल नक्की कशात वाचतं?

प्रश्न असा आलाय की, "माझी २०१९ची १.२ पेट्रोल हॅचबॅक आहे, महिन्यातून दोनदा पुणे-महाबळेश्वर होतं. काका म्हणतात पसरणीच्या घाटात उतरताना न्यूट्रल टाक, फुकटात खाली येशील. मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो तर आरपीएमचा काटा ३०००वर जातो, म्हणजे पेट्रोल जास्त जळतं ना? इंजिनवर ताण येतो का? आणि गाडी अगदी हळू झाली की एक छोटा धक्का बसतो, तो कशाचा?"

आधी सरळ उत्तर देतो, मग बाकीचं. गिअरमध्ये आहात, एक्सलेटरवरून पाय पूर्ण काढलाय आणि काटा ३०००वर आहे, तेव्हा तुमची गाडी थेंबभरही पेट्रोल पीत नाहीये. थोडं नाही, शून्य. आणि न्यूट्रलमध्ये काटा ८००वर शांत बसलेला दिसतो तेव्हा मात्र पीतेय. उलटं वाटतं ऐकायला, मला पण वाटलं होतं. पण तो काटा इंजिन किती वेळा फिरतंय ते मोजतो, पेट्रोल मोजत नाही. उतारावर चाकं इंजिनाला फिरवत असतात, इंजिन चाकांना नाही.

माझं गॅरेज वाईत आहे, सव्वीस वर्षं झाली. घाटाच्या पायथ्याला गॅरेज म्हणजे ब्रेक आणि क्लच यांच्यावरच घर चालतं असं समजा. हा न्यूट्रलचा वाद माझ्याकडे चहाच्या टपरीवर इतक्या वेळा झालाय की एकदा वैतागून गाडीला स्कॅनर, म्हणजे इंजिनातले आकडे दाखवणारं यंत्र, लावूनच पाचगणीला गेलो, बरोबर माझ्याकडे काम शिकणारा पोरगा घेतला आणि त्याला सांगितलं तू फक्त स्क्रीनकडे बघ आणि मोठ्याने वाच. गाडी तुमच्यासारखीच, १.२ पेट्रोल. येताना पाचगणीजवळचा हॅरिसन फॉली पॉइंट सोडला, उतार लागला, तिसरा गिअर, पाय काढला. पोरगा वाचतोय, "आरपीएम दोन हजार शंभर, इंजेक्टर पल्स... शून्य." पल्स म्हणजे पेट्रोल फवारणारा इंजेक्टर दर वेळी किती वेळ उघडतो तो आकडा. दुसरा टाकला. "आरपीएम तीन हजार, पल्स शून्य." म्हणाला भाऊ स्कॅनर हँग झालाय. मी म्हटलं थांब. बुवासाहेबाच्या मंदिराच्या अलीकडे जरा सरळ पट्टा बघून न्यूट्रल केली, मागेपुढे कोणी नव्हतं. "आरपीएम आठशे, पल्स अडीच मिलीसेकंद." परत गिअर टाकला, परत शून्य. ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज पण बघितलं, गिअरमध्ये ते ०.१च्या खाली पडून राहतं, म्हणजे सायलेन्सरमधून नुसती हवा चाललीय, जळलेलं काही नाहीच. त्यानंतर टपरीवरचा वाद मी पोरावर सोपवलाय.

हे होतं कसं, तर तुमच्या गाडीच्या ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सगळं कळतं. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी, एक्सलेटरने उघडणारी झडप) बंद आहे, इंजिन तापलेलं आहे, आणि आरपीएम साधारण १२००-१५००च्या वर आहेत, एवढं दिसलं की तो इंजेक्टर बंदच करून टाकतो, कारण इंजिन फिरतं ठेवायला पेट्रोलची गरजच नाही, चाकं फिरवतायत ना. आरपीएम खाली आले की बंद पडायच्या आत परत पेट्रोल सोडतो. नेमका आकडा गाडीगाडीला वेगळा, एसी चालू असेल तर थोडा वर, आणि सकाळी इंजिन गार असताना बहुतेक गाड्यांत हा प्रकार चालूच होत नाही. याला फ्युएल कट-ऑफ म्हणतात. कोणतंही बटण दाबायचं नाही, जादा पैसे द्यायचे नाहीत, इंजेक्शनवाल्या गाड्यांत हे पहिल्यापासून आहे.

आता काकांबद्दल. काकांना वेड्यात काढू नका, काका त्यांच्या काळात बरोबर होते. त्यांनी गाडी शिकली ती प्रीमियर पद्मिनी नाहीतर जुनी ८००, कार्बोरेटरवाली. कार्बोरेटरला डोकं नसतं. इंजिन हवा ओढतं, ओढीबरोबर जेटमधून पेट्रोल येतं, संपला विषय. एक्सलेटर सोडून गिअरमध्ये घाट उतरलात तर इंजिन ३०००ने फिरतंय, थ्रॉटल बंद म्हणून ओढ जबरदस्त, आणि आयडल जेटमधून (उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणाऱ्या बारीक भोकातून) पेट्रोल येतच राहायचं, धड जळायचं पण नाही, म्हणून तर जुन्या गाड्या उतारावर सायलेन्सरमधून फटाके वाजवायच्या. तिथे न्यूट्रल केलं की खरंच कमी जायचं. २०००च्या सुमारास ८००मध्ये एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी पद्धत, आली, नंतर सगळ्याच कारमध्ये आली, आणि २०२०ला बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम लागल्यावर तर मोटरसायकलींचे पण कार्बोरेटर गेले. गाडी बदलली, सल्ला तोच राहिला. आमच्याकडे एक रिटायर्ड ड्रायव्हर येतात, ते अजून नवी गाडी सकाळी चालू करून रेस देत पाच मिनिटं तापवतात, काय बोलणार.

पण मग काका हट्टाने म्हणणार की अरे मीटरवर दिसतं ना! आणि इथे खरी गंमत आहे, कारण मीटरवर खरंच दिसतं. तुमच्या डिस्प्लेवर चालू अ‍ॅव्हरेजची पट्टी असते, ती कुठल्या गाडीत ३०ला संपते, कुठल्या ४०ला, कुठल्या ५०ला. आता हिशोब करा. १.२चं इंजिन न्यूट्रलमध्ये एसी बंद असताना तासाला पाऊण लिटरच्या आसपास पितं. तुम्ही ताशी ५०ने उतरताय, म्हणजे तासाला ५० किलोमीटर आणि पाऊण लिटर, म्हणजे लिटरला ६५-७०चं अ‍ॅव्हरेज. पट्टी फुल्ल. गिअरमध्ये पेट्रोल शून्य, म्हणजे अ‍ॅव्हरेज अनंत, पट्टी तीच, फुल्लच. दोन्हीकडे सारखंच दिसतं, आणि वर न्यूट्रलमध्ये आवाज कमी, गाडी मोकळी पळते, मग माणसाला वाटणारच की हेच बेस्ट.

बरं, वाचतं किती? पाचगणी ते वाई बारा-तेरा किलोमीटर, गर्दी धरून वीस-पंचवीस मिनिटं. पूर्ण न्यूट्रलमध्ये आलात तर पाव लिटर, फार तर ३०० मिली जळालं. गिअरमध्ये आलात तर त्यातलं बरंचसं वाचलं, सगळं नाही, कारण मधेमधे वळणावर गाडी फारच हळू होते, समोर एसटी असते, थोडी रेस द्यावी लागते. म्हणजे फरक वीस-पंचवीस रुपयांचा. एका मक्याच्या कणसाचे पैसे. एवढ्यासाठी मी एवढं मोठं लिहीत बसलो नसतो. गिअरमध्ये उतरायचं खरं कारण पेट्रोल नाहीच, ब्रेक आहेत.

त्याचाही हिशोब मांडतो, मला आवडतो हा हिशोब. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत साधारण साडेपाचशे मीटरचा फरक. तुमची गाडी चार माणसं आणि स्ट्रॉबेरीच्या पेट्या धरून १२०० किलो. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणायचं आणि खाली आल्यावर गाडीचा स्पीड तर वर होता तेवढाच हवा, मग उंचीची ताकद कुठेतरी जिरवायलाच लागते. थोडी हवा खाते, थोडी टायर खातात. उरलेली सगळी ब्रेकमध्ये गेली तर ती उष्णता किती, तर नळाचं बारा-चौदा लिटर पाणी उकळायला लागेल इतकी. एक मोठं पातेलं भरून लग्नाचा चहा होईल. ती सगळी पुढच्या दोन डिस्क आणि मागच्या दोन ड्रमवर, अर्ध्या तासाच्या आत. त्यातही पुढच्यांवर जास्त, कारण उतारावर वजन पुढे येतं.

मे महिन्यातली गोष्ट आहे, संध्याकाळी एक सात सीटर गाडी गॅरेजसमोर येऊन थांबली, आत आजी, दोन सुना, पोरं, वर कॅरियरवर सामान. चालवणारा पोरगा पंचविशीतला, घाबरून पांढरा पडलेला. म्हणाला, "काका, पॅडल पार खाली जातंय." पुढच्या दोन्ही चाकांतून धूर, तो करपलेल्या लायनरचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही माणूस. डिस्कवर निळसर झाक आलेली. मी विचारलं कुठल्या गिअरमध्ये आलास, तर म्हणे न्यूट्रल, ब्रेकवर पाय ठेवून हळूहळू आलो. हळूहळू! त्याला वाटत होतं आपण फार सांभाळून आलोय. पाय सतत ब्रेकवर म्हणजे डिस्कला गार व्हायला सेकंदही मिळाला नाही. मी गाडीला हात लावला नाही, पाणी मारू दिलं नाही, लोक पटकन बाटली ओततात, तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारलं की ती वाकडी व्हायची नाहीतर तडकायची. पाऊण तास सगळ्यांना चहा पाजला, आजीने मला दोन स्ट्रॉबेरी दिल्या. मग ब्रेक ऑईल काढलं तर चहासारखं काळपट. गाडी घेतल्यापासून बदललं नव्हतं.

हे ब्रेक ऑईलचं लक्षात ठेवा. त्याचे डॉट-३ आणि डॉट-४ असे प्रकार डब्यावर लिहिलेले असतात. डॉट-३ नवीन असताना २०५ अंशाला उकळतं, डॉट-४ २३०ला. पण ते हवेतलं पाणी पितं, आणि पाणी प्यायलं की डॉट-३ १४०ला आणि डॉट-४ १५५ला उकळू शकतं. आपल्याकडचा पावसाळा बघता दोन वर्षांनी बदलायलाच पाहिजे. उकळलं की पाईपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो पण दाब पुढे जात नाही, म्हणून पॅडल खाली जातं. दुसरा प्रकार असा की पॅडल कडक लागतं, पाय पूर्ण जोर लावतोय, पण गाडी थांबत नाही, तिथे पॅडच तापून घसरट झालेले असतात. दोन्हीत लोक "ब्रेक फेल झाले" म्हणतात, पण फेल काही झालेलं नसतं, शिजलेले असतात.

आता इंजिन ब्रेक कसं मारतं ते. बरेच जण सांगतात कॉम्प्रेशनमुळे, ते अर्धवट आहे, कारण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते, घेतलं तेवढं जवळजवळ परत देते. पेट्रोल गाडीत खरं काम ओढीचं आहे. सुई नसलेली मोठी सिरिंज घ्या, तोंडावर अंगठा ठेवा आणि दट्ट्या मागे ओढा, हाताला कसा जोर लागतो? थ्रॉटल बंद म्हणजे तो अंगठा. चार पिस्टन मिनिटाला हजारो वेळा ती बंद सिरिंज ओढतायत, आणि ओढायची ताकद चाकांकडून येतेय, म्हणून गाडी हळू होते. शिवाय इंजिनाचं स्वतःचं घर्षण, वॉटर पंप, अल्टरनेटर हे आहेच. म्हणून गिअर जितका खालचा तितकी पकड जास्त, कारण तेवढ्याच रस्त्यात दट्ट्या जास्त वेळा ओढला जातो.

डिझेलमध्ये पेट्रोलसारखा थ्रॉटलचा गळा आवळलेला नसतो त्यामुळे ही ओढ कमी, तिथे जड फिरणाऱ्या भागांचं घर्षण आणि दाबून गरम झालेल्या हवेतून निसटलेली उष्णता यावर काम चालतं. ट्रक-बसला तेवढ्याने भागत नाही म्हणून त्यांना एक्झॉस्ट ब्रेक असतो, सायलेन्सरच्या वाटेत झडप बंद करायची म्हणजे इंजिनाला धूर बाहेर ढकलतानाच दम लागतो. घाटात मोठी गाडी उतरताना मधेच "फुस्स" असा आवाज येतो ना, तो कधीकधी हे बटण सोडल्याचा असतो.

एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम, "ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर." छान नियम आहे, फक्त आता टर्बो गाड्या तिसऱ्या-चौथ्यात पण घाट चढून जातात, त्या गिअरमध्ये उतरताना पकड मिळत नाही. त्यामुळे मी वेगळं सांगतो. पाय काढल्यावर गाडीचा स्पीड वाढत असेल तर अजून एक गिअर खाली. स्पीड तेवढाच राहिला, किंवा अगदी हळू वाढतोय आणि वळणाआधी एकदा नीट ब्रेक दाबून सोडला की भागतंय, तर गिअर बरोबर आहे. ब्रेक दाबायचा तो ठणठणीत दाबायचा आणि सोडायचा, चोळत बसायचं नाही. आणि गिअर उतार लागायच्या आधी खाली घ्यायचा, ताशी ७०ला पोचल्यावर नाही.

काही महाभाग न्यूट्रलच्या पुढे जातात, गाडीच बंद करतात. त्यांना माझा हात जोडून नमस्कार. कारमध्ये ब्रेकला बूस्टर असतो, तो इंजिनाच्या ओढीवर चालतो, डिझेलमध्ये इंजिनावरच्या पंपावर. इंजिन बंद केलं की साठलेल्या ओढीवर दोन-तीन वेळा पॅडल दाबता येतं, चौथ्यांदा दगड. पॉवर स्टेअरिंग गेलं. आणि चावी चुकून पूर्ण मागे फिरली, निघाली, तर स्टेअरिंग लॉक. ट्रकला तर ब्रेक हवेवर, आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर, इंजिन बंद म्हणजे टाकीतली हवा वापरून संपली की संपली. पुण्यात २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री नवले पुलाजवळ एका ट्रकने कितीतरी गाड्या उडवल्या होत्या ते आठवत असेल. पहिल्या दिवशी सगळे ब्रेक फेल म्हणत होते, नंतर पोलिसांच्या प्राथमिक तपासात आलं की ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा तो उतार डोळ्यांना उतार वाटतच नाही, हीच त्याची गोम आहे.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर कोणी हुशार माणूस येऊन म्हणेल की तुम्ही लपवलंत. न्यूट्रलमध्ये पेट्रोल कधीच वाचत नाही असं नाही. समजा हायवेवर अगदी हलका उतार आहे, इतका हलका की टॉप गिअरमध्ये पाय काढला तर गाडी हळूहळू मंदावते पण न्यूट्रल केली तर त्याच स्पीडला पळत राहते. तिथे गिअरमध्ये पाय काढून तुम्ही शून्य पेट्रोलवर चाललात खरे, पण मिळवलेला स्पीड इंजिन खाऊन टाकतंय, आणि तो परत मिळवायला पुढे रेस द्यावी लागणार. न्यूट्रलमध्ये आयडलचं थोडं पेट्रोल जळेल पण गाडी कितीतरी लांब जाईल. हिशोबाने न्यूट्रल जिंकतं. युरोपातल्या काही डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) गाड्यांमध्ये कंपनीच हे करून देते, इको मोडमध्ये पाय काढला की गिअरबॉक्स स्वतःच इंजिन सोडवून देतो आणि ब्रेकला पाय लागला की परत जोडून घेतो. मुद्दा इतकाच की जिथे गाडी हळू करायची आहे तिथे गिअर, जिथे हळू करायचीच नाही तिथे प्रश्न वेगळा. आणि घाटात हळूच करायची असते. मग हलक्या उतारावर मी स्वतः काय करतो? टॉप गिअरमध्ये एक्सलेटरवर नुसता पायाचा भार ठेवतो. गिअरबॉक्सने स्वतः सोडणं-जोडणं वेगळं, आणि समोर म्हैस आल्यावर आपण घाईत लिव्हर शोधणं वेगळं.

शहरात मात्र हे ज्ञान खरे पैसे वाचवतं, घाटापेक्षा जास्त. लांबून लाल सिग्नल दिसला की लोक काय करतात, शेवटपर्यंत रेस, मग क्लच दाबून ब्रेक. क्लच दाबला म्हणजे न्यूट्रलच झालं की, चाकांचा इंजिनाशी संबंध तुटला, आयडलचं पेट्रोल चालू. त्याऐवजी दोन-अडीचशे मीटर आधी पाय काढा, गिअर तसाच, गाडी आपोआप मंदावत जाऊदे, काटा १२००-१३००च्या आसपास आला की मग क्लच. तेवढं अंतर फुकट, ब्रेक पॅड वाचतात ते वेगळे, आणि बऱ्याचदा पोचेपर्यंत सिग्नल सुटतो, मग शून्यातून गाडी उचलायची वेळच येत नाही. खरी बचत त्या न थांबण्यात आहे. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवूदे.

इंजिनवर ताण येतो का? नाही. ३००० काहीच नाही, ते ६०००पर्यंत फिरायला बनवलंय, आणि आत जळत काही नसल्यामुळे उलट त्याला आराम आहे. धोका एकाच गोष्टीचा, चुकीचा गिअर. ताशी ९०ला पाचव्यातून चौथा टाकायचा आणि हात जरा डावीकडे जाऊन दुसरा पडला, तर क्लच सोडताच चाकं इंजिनाला सात हजाराच्या जवळ नेतात. रेस जास्त दिली तर ईसीएम पेट्रोल तोडून इंजिन वाचवतो, इथे तो काय तोडणार, पेट्रोल आधीच बंद आहे. व्हॉल्व वाकलेलं एक हेड माझ्या फळीवर ठेवलंय, नवशिक्यांना दाखवायला. दुसरं, गिअर खाली घेताना क्लच धाडकन सोडू नका, एक्सलेटरला हलका स्पर्श करून आरपीएम थोडे वर आणा आणि मग सोडा. प्रत्येक वेळी क्लच घासत गाडी हळू केलीत तर पॅडचे पैसे वाचवून क्लचप्लेटचे घालवाल, आणि क्लचचं काम पॅडच्या कितीतरी पट महाग, गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

हां, एक गोष्ट मात्र गिअरमध्ये घाट उतरल्यावर उघडी पडते. खाली सपाटीला आल्यावर रेस दिली आणि आरशात निळा धूर दिसला, एकदाच भस्सकन आणि मग साफ, तर व्हॉल्व सील कडक झालेत. त्या सिरिंजच्या ओढीने हेडमधलं ऑईल व्हॉल्वच्या दांडीवरून आत ओढलं जातं आणि रेस दिली की जळतं. घाटाने बिघडवलं नाही, होतं तेच दाखवलं. मी जुनी गाडी घ्यायला कोणाबरोबर गेलो तर मुद्दाम हे बघतो.

बाकीच्या गाड्यांचं थोडक्यात, कारण विचारणार तुम्ही. हल्लीच्या सीएनजीत गॅसपण इंजेक्टरनेच जातो त्यामुळे कट-ऑफ तसाच चालतो, जुन्या मिक्सरवाल्या किटमध्ये नाही. एएमटीला (क्लच-गिअर मशीनच टाकतं ती ऑटोमॅटिक) लिव्हर मॅन्युअलला घेऊन वजा करत दुसऱ्यावर आणा, डीमध्ये सोडून ब्रेक चोळत येऊ नका. सीव्हीटीला (पट्ट्यावर चालणारी, ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) लिव्हरवर एल किंवा एस असेल ते वापरा. स्ट्राँग हायब्रीडला (इंजिन आणि मोटर दोन्हीवर चालणारी) लिव्हरवर बी असतो, त्यात आधी बॅटरी चार्ज होते, पण ती बॅटरी पाऊण युनिटची, असा घाट पूर्ण उतरेपर्यंत ती भरून जाते आणि मग गाडी इंजिन नुसतंच गरागरा फिरवून पकड देते, लोक घाबरून गॅरेजला फोन करतात की उतारावर इंजिन ओरडतंय. ओरडूदे, तेच त्याचं काम आहे. ईव्हीवाल्यांसाठी एकच, पाचगणीच्या हॉटेलात रात्रभर लावून शंभर टक्के करून निघू नका. बॅटरी भरलेली असली की परत घ्यायला जागा नाही, रीजेन, म्हणजे उतारावर मोटरने गाडी अडवून बॅटरी भरणं, कमी होतो किंवा बंदच होतो, आणि नेमका घाटाच्या तोंडाशी तुम्हाला नुसत्या ब्रेकवर यावं लागतं, तेही जड गाडी. नव्वदवर थांबा, वाईत येईपर्यंत एक युनिटच्या आसपास परत मिळतं.

राहिला तुमचा धक्का. गाडी दुसऱ्यात हळू होत होत काटा हजार-बाराशेवर आला की बंद असलेलं पेट्रोल ईसीएम परत सोडतो, इतका वेळ चाकं इंजिनाला ओढत होती आणि एकदम इंजिन स्वतः फिरायला लागतं, तो बदल तुम्हाला पायाखाली जाणवतो. हलका असेल तर गाडी ठीक आहे, दुर्लक्ष करा. जोरात बसत असेल तर थ्रॉटल बॉडी काळी झालीय का बघून घ्या, साफ करायला अर्धा तास लागतो, आणि तरी गेला नाही तर खालचे इंजिन माउंटिंग बघायला सांगा, त्यातलं रबर फाटलं की एवढासा झटका पण ढोल वाजल्यासारखा येतो. पुढच्या वेळी महाबळेश्वरहून येताना काकांना शेजारी बसवा आणि ओबीडीचा (स्टेअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटचा) ब्लूटूथ डोंगल लावून मोबाईल त्यांच्याच हातात द्या. वाचायला त्यांनाच सांगा.